ओसाड पडलेल्या बेटाचा इतिहास कसा काढायचा

पहिलं म्हणजे शेवटच्या दिवसापासून सुरुवात करू नका. स्कॉटलंडचा सेंट किल्डा हा बेटसमूह घ्या. २९ ऑगस्ट १९३० ला त्यातल्या हिर्टा या मुख्य बेटावरची उरलीसुरली ३६ माणसं हेअरबेल जहाजात बसून कायमची निघाली, घराघरात बायबल उघडं ठेवून आणि शेजारी थोडे ओटचे दाणे. वाचताना गलबलून येतं मान्य, पण ती माणसं तिथे इतकी वर्षं जगली कशी ते यातून कळत नाही.

आधी डोकी मोजा. १६९७ मध्ये मार्टिन मार्टिन नावाचा लेखक तिथे गेला तेव्हा १८० च्या आसपास माणसं होती. मग १७२७ ची देवीची साथ आली, तेव्हा ३ पुरुष आणि ८ पोरं पक्षी धरायला शेजारच्या सुळक्यावर गेलेली, त्यांना आणायला होडी वल्हवणारंच कोणी उरलं नाही, अख्खा हिवाळा त्यांनी त्या उघड्या खडकावर काढला. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यातले बरेच वाटेतच गेले. आकडा जिथे धपकन खाली येतो तिथे थांबा आणि खोदा.

मग घरं बघा, नीट बघा. जुनी ब्लॅकहाउस म्हणजे दगडी घरं, जाड भिंतींची, आखूड बाजू समुद्राकडे. १८६० च्या दशकात बेटाच्या मालकाने नवीन १६ घरं बांधून दिली, तोंड थेट समुद्राकडे आणि वर जस्ताचे पत्रे, जे वादळात उडाले! बाहेरच्याने केलेली सुधारणा अशी निघते कधीकधी. आणि क्लीट तर विसरूच नका, दगडावर दगड रचलेली कोठारं, चुना नाही की काही नाही, फटीतून वारा खेळतो आणि आत साठवलेले, खाण्यासाठी मारलेले पक्षी सुकतात, वर मातीगवताचं छप्पर. एकट्या हिर्टावर बाराशेच्या वर आहेत. माझ्या मते बेटाचा खरा दस्तऐवज हाच.

बेट का सोडलं याचं एकच कारण शोधत बसू नका, तरणी पोरं आधीच जात होती, आजारपणात मदत पोचायची नाही, होडी वल्हवायला आणि कड्यावर उतरायला हात कमी पडायला लागले. शेवटी त्यांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला.

आणि निघून गेलेल्यांच्या मागे जरूर जा. बऱ्याच जणांना मुख्य भूमीवर लोकालाइनजवळ जंगलखात्यात कामाला लावलं, झाडं लावायला. हिर्टावर एकही झाड नव्हतं.