एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लवंगेचं तेल घ्या

वनस्पतिजन्य रसायनांवर काम सुरू करणाऱ्या मुलामुलींनी विषय विचारला, की मी लवंग सुचवते. कळ्यांत साधारण 15 टक्के तेल असतं आणि त्यात बहुतांश युजेनॉल, म्हणजे लवंगेला तिचा वास देणारं संयुग. दुर्मीळ वनस्पतीमागे वर्ष घालवून हाती दोन थेंब येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

युजेनॉल उकळतं 254 अंशांना, पण पाण्याच्या वाफेबरोबर 100 च्या आतच निघून येतं. तेल पाण्यापेक्षा जड आहे, हे आधीच ध्यानात घ्या. हलक्या तेलाचं क्लेव्हेंजर (वाफेबरोबर आलेलं तेल वेगळं करणारं काचेचं उपकरण) लावलंत तर तळाशी बसलेलं तेल परत फ्लास्कमध्ये जातं. जड तेलाचा ट्रॅप मागा, किंवा दुधाळ डिस्टिलेटमधलं तेल डायक्लोरोमीथेन या द्रावकाने काढा.

पुढचं काम माझ्या सगळ्यात आवडीचं. सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमीथेनमधल्या तेलात 5 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घालून हलवलं, की युजेनॉल क्षार होऊन पाण्यात उतरतं. तेलातला दुसरा घटक, कॅरिओफिलीन, डायक्लोरोमीथेनमध्येच राहतो. पाण्याचा थर वेगळा करून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडा. नितळ द्रावण बघता बघता गढूळ होतं, लवंगेचा वास दरवळतो आणि तेलाचे थेंब एकत्र येऊ लागतात.

ही किमया फिनॉलच्या ओएच गटाची. औषधी बाजू समजून घ्यायची तर याच गटाचा माग काढा. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये मळून दातात भरतात. तिथे हा गट झिंकला धरून घट्ट सिमेंट बनवतो आणि ठणकाही शमतो. त्यावर लगेच रेझिनचं फिलिंग केलं, तर तोच ओएच रेझिन कडक करणारी मुक्त मूलकं (अतिक्रियाशील कण) टिपतो आणि रेझिन नीट कडक होत नाही. एका गटाची ही करामत स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तर व्हायवाची निम्मी तयारी झाली.

जंतूंवरचा प्रयोग जरूर करा, पण अगार प्लेटवर तेलाभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळावरून ‘गुणकारी औषध’ असं लिहू नका. युजेनॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते अगारमध्ये नीट पसरत नाही आणि वर्तुळ फसवं ठरतं. शिवाय मात्रेचा प्रश्न आहेच: लहान मुलांनी लवंगेचं तेल प्यायल्याने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. प्रबंधात हा भाग वगळू नका.

शुद्ध केलेला नमुना गडद रंगाच्या बाटलीत, काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. हवा लागली की तो तपकिरी पडतो, म्हणून एनएमआरचा (रेणूची रचना तपासणाऱ्या यंत्राचा) नंबर आधी लावा आणि मगच डिस्टिलेशनचा दिवस ठरवा.