बॉम्बस्फोटाच्या तपासात परदेशातून पुरावा कसा मागवावा

साताऱ्यात किंवा सांगलीत बॉम्बस्फोटाचा गुन्हा दाखल झाला, तर तपास फार दिवस स्थानिक पोलीस ठाण्याकडे राहील असे नाही. स्फोटक पदार्थ कायदा, १९०८ आणि बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा, १९६७ हे दोन्ही कायदे एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे गुन्हा नोंदवताच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने राज्य शासनाला अहवाल पाठवायचा, राज्याने तो केंद्राकडे धाडायचा आणि केंद्राने तो मिळाल्यापासून १५ दिवसांत तपास एनआयएकडे सोपवायचा की नाही हे ठरवायचे, असा क्रम त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. मात्र पुढे एनआयए येवो वा राज्याचे दहशतवादविरोधी पथक (एटीएस), पहिला पंचनामा स्थानिक अधिकाऱ्याच्याच हातचा असतो, आणि उद्या परदेशी न्यायालयापुढे जाणारी प्रत्येक विनंती त्याच पंचनाम्याच्या आधारावर उभी राहते. पुढील मार्गदर्शन त्या अधिकाऱ्यासाठी आणि त्याला सल्ला देणाऱ्या सरकारी अभियोक्त्यासाठी आहे.

म्हणून सुरुवात परदेशापासून नव्हे, घटनास्थळापासून करावी. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान स्फोटाने कोसळले आणि २७० माणसे मेली. त्या तपासात जळालेल्या शर्टाच्या कॉलरमध्ये सर्किट बोर्डचा नखाएवढा तुकडा सापडला. त्यावरून धागा झुरिकच्या एका टायमर बनवणाऱ्या कंपनीपर्यंत आणि तेथून लिबियापर्यंत गेला, तर कपड्यांवरून तपास माल्टातील एका दुकानापर्यंत पोहोचला. पण ज्या पिशवीत ती कॉलर ठेवली होती, तिच्या चिठ्ठीवरील ‘कापड’ हा शब्द कोणीतरी बदलून त्या जागी ‘ढिगारा’ असे लिहिले होते. नेदरलँड्समध्ये बसलेल्या स्कॉटिश न्यायालयात याच खाडाखोडीवर उलटतपासणी झाली. न्यायालयाने तुकडा ग्राह्य मानला, तरी त्या पोलिसाच्या खुलाशाबद्दल न्यायाधीशांनी स्पष्ट नापसंती नोंदवली. आपल्याकडे मुद्देमालाच्या चिठ्ठीवर खाडाखोड करणे ही किरकोळ बाब समजली जाते. ती तशी नाही. ‘काळा जळका तुकडा, एक नग’ एवढे लिहून भागत नाही. लांबी-रुंदी, रंग, त्यावरील अक्षरे किंवा आकडे, कोणत्या वस्तूत अडकलेला होता, मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेले छायाचित्र, सीलचा ठसा आणि पंचांच्या सह्या हे सारे पहिल्याच वेळी नोंदवावे, आणि चूक झालीच तर मूळ शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी तारखेसह सही करावी.

यानंतर एक भेद मनात पक्का करावा लागतो. गुप्तवार्ता आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांचे मार्गही वेगळे आहेत. परदेशी यंत्रणांकडून आलेली गुप्त माहिती दिल्लीत इंटेलिजन्स ब्युरोच्या अखत्यारीतील मल्टी एजन्सी सेंटरमार्फत राज्याच्या यंत्रणांना मिळू शकते. ती लवकर येते, मात्र देणाऱ्याच्या संमतीशिवाय ती तिसऱ्या कोणाला द्यायची नाही, ही अट तिच्यासोबत बहुधा असतेच. अशा माहितीचा उतारा केस डायरीत किंवा दोषारोपपत्रात डकवल्यास देणारी यंत्रणा पुढच्या वेळी हात आखडता घेते, आणि न्यायालयातही तो कागद सिद्ध करायला कोणी साक्षीदार मिळत नाही. तिचा उपयोग कोठे शोधायचे हे कळण्यापुरता करावा. तेथे जे सापडेल ते स्वतंत्र, कायदेशीर मार्गाने हस्तगत करावे.

पोलीस ते पोलीस चौकशीसाठी इंटरपोलचा मार्ग आहे. भारतात सीबीआय हे इंटरपोलचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतपोल’ या पोर्टलमुळे जिल्ह्याची विनंती पूर्वीच्या पत्रापत्रीपेक्षा लवकर तेथे पोहोचू शकते. वर्तमानपत्रांना रेड कॉर्नर नोटीसचे, म्हणजे हव्या असलेल्या आरोपीला शोधून अटक करण्याच्या विनंतीचे, मोठे अप्रूप असते. परंतु तपासाच्या सुरुवातीला संशयिताची ओळख, ठावठिकाणा आणि हालचाली कळवण्याची विनंती करणारी ब्लू नोटीस अधिक उपयोगी पडते. मजकूर लिहिताना आरोपीच्या धर्माबद्दल किंवा राजकीय मतांबद्दल शेरेबाजी टाळावी, कारण इंटरपोलच्या घटनेचा अनुच्छेद ३ राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत हस्तक्षेपास मनाई करतो.

ईमेल किंवा सोशल मीडिया खात्यांच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात, शक्य तर पहिल्याच दिवशी, माहिती जतन करण्याची विनंती पाठवावी. अमेरिकन कायद्यानुसार अशी माहिती ९० दिवस राखून ठेवली जाते आणि ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढवून मागता येते. जतन करणे म्हणजे हाती देणे नव्हे. संदेशांतील मजकूर हवा असल्यास रीतसर विनंती लागतेच, आणि ती पोहोचेपर्यंत माहिती पुसली जाऊ नये एवढाच या पत्राचा हेतू असतो.

खरे काम असते ते विनंतीपत्राचे, म्हणजे आपल्या न्यायालयाने परदेशातील न्यायालयाकडे किंवा प्राधिकरणाकडे पुरावा मागणाऱ्या लेटर रोगेटरीचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ नुसार, जे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १६६-अ होते, तपास अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या अर्जावरून फौजदारी न्यायालय असे पत्र देऊ शकते. त्याआधी प्रस्ताव राज्याच्या गृह विभागामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, कारण या कामी तेच मध्यवर्ती प्राधिकरण आहे. अमेरिकेसह ज्या देशांशी परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार आहे, त्यांच्याकडे विनंती त्या करारानुसार जाते. अन्य देशांकडे ती परस्परतेच्या, म्हणजे उद्या आपणही तशीच मदत करू या हमीवर, राजनैतिक मार्गाने जाते.

पत्र वाचणाऱ्या माणसाला मिरज कोठे आहे हे ठाऊक नसते, हे धरूनच मसुदा करावा. समजा, मिरजेतील एखाद्या गुन्ह्यात परदेशातून झालेल्या भरण्याचा तपशील हवा आहे. ‘आरोपीशी संबंधित सर्व कागदपत्रे पुरवावीत’ असे लिहिल्यास पत्र शंकांसह परत येण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी अमुक खात्यात अमुक तारखेला जमा झालेल्या अमुक रकमेचा भरणा कोणी केला, त्या वेळी कोणते ओळखपत्र दाखवले, ते कागद सध्या कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहेत आणि त्या रकमेचा स्फोटाशी संबंध कोणत्या पुराव्यावरून दिसतो, इतके नेमके लिहावे. गुन्ह्याचे कलम नुसते न सांगता त्याचा पूर्ण मजकूर आणि शिक्षा जोडावी, कारण अनेक देश तेच कृत्य आपल्याही कायद्याने गुन्हा ठरते का, हे आधी तपासतात. भाषांतर प्रमाणित हवे. नावांचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आणि सर्व कागदांत एकसारखे हवे. ‘पाटील’ आणि ‘शेख’ या आडनावांच्या बाबतीत वडिलांचे नाव व जन्मतारीख नसेल, तर चुकीच्याच माणसाची माहिती यायची.

नकाराची कारणे आधीच ओळखून ठेवावीत. गुन्हा राजकीय आहे या सबबीला १९९७ च्या दहशतवादी बॉम्बस्फोट प्रतिबंधक आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद ११ उत्तर देतो. भारत त्या कराराचा पक्षकार आहे, समोरचा देशही आहे का ते पाहून पत्रात त्याचा हवाला द्यावा. फाशीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांतील आरोपी अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये आपल्या ताब्यात दिले, ते फाशी आणि २५ वर्षांपेक्षा अधिक कैद होणार नाही या लेखी हमीवर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्र सरकारला त्या हमीची आठवण करून दिली. हमी देण्याचा अधिकार केंद्राचा आहे. परदेशी अधिकाऱ्याशी बोलताना जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तोंडीदेखील असा शब्द देऊ नये.

उत्तर यायला वर्षे लागू शकतात आणि त्यासाठी आपली मुदत थांबत नाही. बेकायदेशीर कृत्ये कायद्याखाली आरोपी कोठडीत असल्यास न्यायालयाच्या परवानगीने तपासासाठी जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात. तेवढ्यात हाती असलेल्या पुराव्यावर दोषारोपपत्र दाखल करावे, विनंतीपत्र प्रलंबित असल्याचे त्यात स्पष्ट नमूद करावे आणि पुढील तपासाचा मार्ग खुला ठेवावा.

कलम ११२ नुसार आलेले जबाब व वस्तू तपासात गोळा केलेला पुरावा मानल्या जातात. म्हणून त्या आपोआप सिद्ध होतात असे नाही. डिजिटल नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळणारा संकेतांक) लागते, तेव्हा ते विनंतीपत्रातच मागून घ्यावे. नंतर त्यासाठी दुसरे पत्र लिहिणे म्हणजे पुन्हा तीच वारी. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील कसाबच्या खटल्यात जीपीएस संचांतील माहितीसंबंधी एफबीआयच्या तज्ज्ञांची साक्ष झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. दूरस्थ साक्षीची वाट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निकालात मोकळी केली होती. परदेशी साक्षीदार असा उपलब्ध होईल का, हेही मूळ पत्रातच विचारावे. पाकीट आले की ते पंचांसमक्ष उघडावे, सीलचे छायाचित्र काढावे, पानांवर क्रमांक घालावेत आणि मूळ प्रत मुद्देमाल कारकुनाकडे जमा करून पुढील सारे काम प्रतींवर करावे.