चढावरच्या स्की शर्यतीचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

2017 च्या टूर दे स्कीत, म्हणजे अनेक टप्प्यांच्या क्रॉस-कंट्री स्की शर्यतीत, शेवटच्या दिवशी स्टिना निल्सन सगळ्यांच्या आधी निघाली. हातात आघाडी होती, फॉर्म होता, स्प्रिंटमध्ये तर तिचा दबदबाच होता. मी तिचं नाव लिहून मोकळा झालो. वर पोहोचली तेव्हा ती तिसरी होती आणि हाइडी वेंग जिंकली होती. तेव्हापासून आल्पे चेर्मिसचा, म्हणजे टूरच्या या शेवटच्या चढाचा अंदाज लिहायच्या आधी मी माझ्या जुन्या चुका एकदा आठवून घेतो.

इटलीतल्या व्हाल दि फिएमे खोऱ्यातला हा चढ म्हणजे मुळात उतारावरच्या स्कीइंगची धावपट्टी. इतर लोक जिथून मजेत खाली येतात, तिथून हे बिचारे वर जातात. शेवटच्या साधारण साडेतीन किलोमीटरांत सव्वाचारशे मीटरच्या आसपास उंची गाठायची आणि सगळ्यांत खड्या जागी चढ 28 टक्क्यांचा.

‘कोण जिंकणार?’ हा प्रश्न अर्धवट सोडणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. टप्पा कोण जिंकणार आणि पूर्ण टूर कोण जिंकणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 2023 मध्ये योहानेस क्लेबोने सातपैकी पहिले सहाही टप्पे जिंकले. सातव्या दिवशी चढ मारला तो सिमेन हेगस्टा क्रूगरने, पण टूर क्लेबोचीच. 2024 मध्ये तर चढावर ज्यूल लापियेर आणि सोफिया लॉक्ली जिंकले, टूर मात्र हाराल्ड अमुंडसेन आणि जेसी डिगिन्सने नेली.

यात जुने निकाल आणखी घोळ घालतात. 2019 पर्यंत इथे पर्स्युट असायची, म्हणजे एकूण वेळेत जो जितका मागे, तो तितक्या सेकंदांनी उशिरा निघणार. जो पहिला वर, तोच टूरचा विजेता. त्या दिवशीचा सगळ्यांत वेगवान चढणारा कदाचित पंधराव्या नंबरवर दिसेल. 2020 पासून मास स्टार्ट आहे, सगळे एकदम निघतात. त्यामुळे 2020 आधीच्या वर्षांसाठी पोहोचण्याचा क्रम बघू नका, त्या दिवशीची प्रत्यक्ष वेळ शोधा. हे न करता दोन्ही काळ एकाच तक्त्यात टाकले की तक्ता दिसतो छान, पण कामाचा राहत नाही.

एकूण वर्ल्ड कप क्रमवारीवर विसंबणं

वर्ल्ड कप म्हणजे हंगामभराच्या शर्यतींची मालिका. तिच्या एकूण क्रमवारीत स्प्रिंटचे गुणही मिसळलेले असतात. तीन मिनिटांच्या स्फोटक शर्यतीतले गुण पंधरा मिनिटांच्या खड्या चढाला काय कामाचे? लांब अंतराची यादी वेगळी असते, ती बघा. एफआयएस (आंतरराष्ट्रीय स्की महासंघ) पॉइंट्स वापरत असाल तर तिथे आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला. नवखे इथे हमखास उलटं वाचतात. (मीही वाचलं होतं, सांगायला लाज कसली.)

आणि बर्फाबाहेरही डोकवा. लॉक्ली डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतींतही अव्वल आहे. ते ज्याला ठाऊक होतं, त्याला 2024 चा निकाल फारसा धक्कादायक वाटला नसेल.

आघाडी नुसत्या नजरेने जोखणं

टूरच्या विजेत्याचा अंदाज असेल तर कागद घ्या. चढाला पंधरा मिनिटं, म्हणजे 900 सेकंद लागतात असं धरू. मागचा खेळाडू तीन टक्के कमी वेळ घेत असेल तर 27 सेकंद भरून काढेल. म्हणजे वीस सेकंदांची आघाडी गेलीच म्हणून समजा. दीड मिनिटाची आघाडी फोडायला मात्र दहा टक्के कमी वेळ घ्यावा लागेल आणि या दर्जाच्या खेळाडूंत एवढा फरक क्वचितच असतो. निल्सनची आघाडी अर्ध्या मिनिटाचीही नव्हती. हा हिशोब मी त्या दिवशी केला असता तर दोन मिनिटांत संपला असता.

सपाटीचं गणित चढावर लावणं

सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याची ताकद वाचते. चढावर वेग पंचवीसवरून ताशी दहा किलोमीटरवर आला की हवेचा अडथळा सहाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. आडोसा जवळपास संपला. उरतं ते गुरुत्वाकर्षण, म्हणून शरीराच्या दर किलोमागे किती ताकद हा आकडा इथे राजा. टेरेसे योहाउगसारखी हलकी, झपझप पावलं टाकणारी खेळाडू इथे वर्षानुवर्षं भारी का पडली, त्यात याचा मोठा वाटा आहे.

पण यावरून ‘चढावर वॅक्सला (स्कीच्या तळाला लावायच्या मेणाला) काय महत्त्व’ असं म्हणू नका. बर्फाचं घर्षण वजनाच्या तीन टक्के धरलं आणि चढ पंधरा टक्के, तरी गुरुत्वाच्या पाचव्या हिश्शाइतका अडथळा स्कीच्या तळाशी बसलेला असतो. ओला, जड बर्फ असेल तर जास्तच.

जुन्या यादीवर अंदाज पक्का करणं

टूरच्या शेवटापर्यंत बरेच जण आजारी पडून किंवा पुढच्या स्पर्धांसाठी दम राखायला घरी गेलेले असतात. त्या दिवशीची स्टार्ट लिस्ट आल्याशिवाय नाव लिहू नका. आदल्या दोन दिवसांत लांब अंतराच्या टप्प्यात शेवटच्या चढावर कोण मागे पडलं, तेही बघून ठेवा. मी आता तीन नावं लिहितो आणि प्रत्येकापुढे जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के. गेल्या खेपेला पहिल्या नावापुढे चाळीस लिहिताना हात अडखळला, म्हणून पस्तीस केले.