घोरतो म्हणजे गाढ झोपला? झोपेच्या आजारांत या चुका टाळा

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात मे महिन्यात अर्धं गाव गच्चीवर नाहीतर ओट्यावर झोपतं. त्यामुळे कोण कसं घोरतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. माझ्या काकांचं घोरणं चार घरं ऐकायची आणि म्हणायची, कष्टाचं शरीर आहे, पडल्या पडल्या झोप लागते. काकाही म्हणायचे, "झोपनी काय कमी शे माले? पडताच घोरस मी."

एका रात्री माझी खाट त्यांच्या शेजारी होती. घोरणं एकदम थांबलं. बरं झालं म्हणून मी कूस बदलली, पण आवाज परत येईना. मी आकडे मोजू लागलो. बावीसला त्यांनी विहिरीत बुडी मारलेल्या पोरासारखा मोठा श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागले. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

घोरण्याला गाढ झोपेची खूण समजणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींची श्वासाची वाट पूर्ण मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला जागं करतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तोंड कोरडं, डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आणि दिवसा बसल्या जागी डुलकी, एवढंच जाणवतं. हा स्लीप ॲप्निया. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर याची शंका घ्यायलाच हवी.

दुसरी चूक काकांनी केली: डॉक्टरांकडे एकटेच गेले. "झोप कशी लागते?" "मस्त." विषय संपला. पुढच्या वेळी काकू सोबत गेल्या, मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन. तो बघून डॉक्टरांनी लगेच तपासणी लिहून दिली. शेजारी झोपणारा माणूसच या आजाराचा खरा साक्षीदार असतो, त्याला घरी ठेवून जाऊ नका.

या तपासणीला पॉलीसोम्नोग्राफी म्हणतात. रात्रभर डोक्याला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सुई नाही, दुखत नाही. ॲप्नियाचीच दाट शंका असेल तर घरी लावायचं छोटं यंत्रही चालतं. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा अपुरा पडला हे मोजतात: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र.

मध्यम-तीव्र आजारात सीपॅप यंत्र देतात. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. बरेच जण आठवड्यात ते कपाटात ठेवून देतात, आणि मला सगळ्यांत वाईट याचंच वाटतं, कारण अडचणी बहुधा सुटण्यासारख्या असतात. हवा गळत असेल तर मास्कचं माप बदलून घ्या. घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं भांडं) लावा, पण त्यात आपलं बोअरचं जड पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. उन्हाळ्यातल्या धुळीने फिल्टर लवकर भरतो, तो तपासत राहा. रात्री लाईट जाते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर चालतं का, हे विकत घेतानाच विचारा. वजन उतरवणं आणि कुशीवर झोपणं यांचाही फायदा होतो. झोप येते म्हणून रात्री दारू घेणं मात्र घातक, घसा आणखी ढिला पडतो.

झोपच न येणं हा वेगळा आजार. आठवड्यातून किमान तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर तो जुनाट निद्रानाश. मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलम या झोपेच्या गोळीची पट्टी आणू नका. सवय लागते, आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. पहिला उपाय सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारं समुपदेशन. त्यातलं मुख्य सूत्र असं: झोप येत नसेल तर अंथरुणात लोळू नका, उठून बसा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा.

"पाय चेपून दे, आत वळवळतं" असं आजी रोज रात्री म्हणत असेल तर तो वाताचाच त्रास असेल असं नाही. रेस्टलेस लेग्ज, म्हणजे पाय सतत हलवावेसे वाटण्याचा आजार, असू शकतो. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने नकोत, सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं.

रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी भरणाऱ्यांनी आणि भुसावळच्या रेल्वे ड्युटीवाल्यांनी शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आसपास उरकावा, नाहीतर सकाळी डोळा लागत नाही. घरी आल्यावर खोलीत काळोख करून झोपावं. आणि डोळे मिटत असतील तर मोटारसायकलला किक न मारता आधी मळ्यातच वीस मिनिटं आडवं व्हावं.