या चुका टाळा : नडगी, नाडी आणि शनिवारची मटकी

दिवाळीचा फराळ संपला की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नवी गर्दी दिसू लागते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते, नाव नोंदवून झालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो : "दहा आठवड्यांत २१ किमी होईल ना?" आज तुम्ही किती पळताय, त्यावर ते आहे. पण ज्यांचं होत नाही, त्यांचं दमावर क्वचित अडतं. अडतं ते नडगीपाशी, टाचेपाशी, गुडघ्यापाशी. कारणं दरवर्षी तीच, आणि सांगूनही तीच.

रोज जोरात पळणं

मंगळवारी ५ किमी ३२ मिनिटांत. गुरुवारी ३१. शनिवारी ३० च्या आत आलंच पाहिजे, नाहीतर ॲपवर टाकायचं काय? रोजचा सराव म्हणजे रोजची शर्यत, हा समज नव्या रनरच्या डोक्यातून काढणं हे क्लबातलं सगळ्यात चिवट काम आहे.

५ किमी ६:०० च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं) जेमतेम संपवणाऱ्या माणसाचा रोजचा पेस ७:१५ ते ७:४५ असायला हवा. हो, इतका सावकाश. शेजारून भरभर चालणाऱ्या आजोबांनी मागे टाकलं तरी चालेल. घड्याळ बघायचं नसेल तर शेजारच्याला काल बाजारातून काय भाजी आणली आणि कितीला, ते न धापता पूर्ण वाक्यांत सांगून बघा. 'मेथी... वीस... जुडी' असं तुटक निघत असेल तर पेस कमी करा. आठवड्यात चार दिवस पळत असाल तर तीन दिवस असेच. जोराचा दिवस एकच, तोही पहिल्या दोन महिन्यांनंतर.

यामागचं कारण साधं आहे. दम लवकर वाढतो, हाड उशिरा. नियमित पळायला लागलं की काही आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त ढकलतो, स्नायू प्राणवायू नीट वापरू लागतात. सहाव्या आठवड्यात माणसाला वाटतं, आपण कुठेही पोचू. हाडाचं गणित उलटं आहे. ज्या जागी नवा भार पडतो तिथलं जुनं हाड आधी पोखरून काढलं जातं आणि मग नवं भरलं जातं. पोखरण्याला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. म्हणजे दम सगळ्यात जास्त फुशारकी मारत असतो, तेव्हाच नडगी सगळ्यात कच्ची असते.

क्लबातल्या एका गड्याचं उदाहरण आता नव्यांना मुद्दाम सांगितलं जातं. चाळिशीच्या आतला, कॉलेजात क्रिकेट खेळलेला, दमाचा पक्का. आठवड्याची धाव १२ किमी, मग १८, मग २६, मग ३४. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर दुखायला लागलं. पहिले दोन किलोमीटर दुखायचं, मग अंग तापलं की थांबायचं. 'पळाल्यावर बरं वाटतं' असं तो सांगायचा, आणि ऐकणारेही माना डोलवायचे. सहाव्या आठवड्यात ते थांबेना. स्प्रे मारला, गोळी घेतली आणि रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत, असे १६ किमी केले. सोमवारी जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली. एक्स-रे काढला, स्वच्छ आला. एक्स-रे स्वच्छ म्हणजे फ्रॅक्चर नाही, असा अर्थ त्याने काढला आणि आणखी दहा दिवस पळला. मग एमआरआय झाला आणि हाडातली चीर दिसली. आठ आठवडे पळणं बंद. मुंबईचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, कपाटात.

इथे चुकलं काय? वेग आणि अंतर एकदम वाढवलं, हे आहेच. पण महागात पडला तो एक्स-रेचा चुकीचा अर्थ. ताणामुळे पडणारी बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून आधी बोटाने तपासा. खुर्चीत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालून वर न्या. दुखणं चार-पाच बोटं रुंद पट्टीत पसरलेलं असेल तर बहुधा हाडाचं आवरण आणि स्नायू कुरकुरताहेत : धाव निम्म्यावर आणा, डांबर सोडून मातीवर या, दोन आठवडे बघा. पण दुखणं एका बोटाखाली झाकेल अशा एकाच ठिकाणी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या पायावर उभं राहतानाच कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांना 'मी आठवड्याला इतके किलोमीटर पळतो, महिन्यापूर्वी इतके पळत होतो' हे आकडे सांगा. नुसतं 'पाय दुखतो' सांगितलं तर मलम हातात पडेल.

बायकांसाठी एक गोष्ट जादा. पळणं वाढल्यावर पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर ट्रेनिंग अंगी लागलं असं समजून खूश होऊ नका. बहुधा पळण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय, आणि त्याची वसुली हाडांतून होते. डॉक्टरांना दाखवा आणि खाणं वाढवा. वजन उतरवायला आलेल्या पुरुषांनाही खाण्याचा हा नियम लागू आहे, फक्त त्यांना इशारा देणारी पाळी नसते.

मग वाढवायचं कसं? दर आठवड्याला दहा टक्के, हा नियम सगळे पाठ म्हणतात. आठवड्याला १० किमी पळणाऱ्याला दहा टक्के म्हणजे एक किलोमीटर, त्याला तो कंजूष वाटतो आणि मग तो नियमच सोडून देतो. आमच्याकडचा रिवाज वेगळा : एकाच अंतरावर तीन आठवडे राहायचं, चौथ्या आठवड्यात पाव भाग कमी करायचा, मग एकदम तीन-चार किलोमीटरची पायरी चढायची. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, आठवड्याच्या एकूण धावेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवायचा. अगदी कोऱ्या माणसाने आठवड्यातून तीन दिवस, १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं असे आठ फेरे करावेत. दोन आठवड्यांनी २ पळणं, १ चालणं. आणखी दोन आठवड्यांनी ४ पळणं, १ चालणं, सहा फेरे. हे कंटाळवाणं आहे, मान्य. 'मला चालायची गरज नाही' म्हणणारे फेब्रुवारीत दिसत नाहीत, हेही मान्य करा.

त्याला जोड पोटरीची. जिन्याच्या पायरीवर पुढचा पंजा टेकवून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १५ वेळा तीन फेऱ्या, गुडघा थोडा वाकवून तेवढ्याच. दिवसाआड. वाकवलेल्या गुडघ्याने खोलवरचा पोटरीचा स्नायू लागतो, आणि पळताना जास्त भार तोच झेलतो. सगळे सरळवाला प्रकार करतात आणि हा सोडतात.

कविता राऊत लहानपणी अनवाणी पळायच्या, मग आम्ही का नाही, असा युक्तिवाद दर हंगामात एकदा होतो. सावरपाड्याच्या डोंगरांवर वाढलेल्या, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेणाऱ्या खेळाडूची हाडं बालपणापासून घडलेली आहेत. तुमची खुर्चीत घडलेली आहेत.

मनगटावरच्या नाडीवर आंधळा विश्वास

सावकाश पळतोय तरी घड्याळ १७२ दाखवतंय, घाबरून मेसेज येतो. आधी पावलं मोजा. मिनिटाला १७० च्या आसपास पावलं पडत असतील तर घड्याळाच्या हिरव्या दिव्याने नाडीऐवजी पावलांचा हादरा पकडला आहे. पट्टा सैल असला की हे होतं, आणि थंडीत जास्त, कारण कातडीतलं रक्त आत ओढलं जातं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या, एक भोक घट्ट करा आणि पहिली दहा मिनिटं आकड्याकडे बघूच नका. छातीचा पट्टा यापेक्षा बरा.

'२२० वजा वय' हे सूत्रही सरासरीचं आहे. एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. भाजीच्या हिशोबावर चला.

दुसरी नाडी, बुटाची

काळं पडलेलं नख ही शौर्याची खूण नाही. बूट लहान आहे किंवा नाडी सैल आहे. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळण्याचेच मोजे घालून जा, उभं राहा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाच निसटत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी त्याच बाजूला परत घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवा आणि मग बांधा. ते भोक शोभेसाठी नसतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट शर्यतीत घालू नका. निदान ४० किमी त्यात आधी व्हावेत. कार्बन प्लेटच्या (तळव्यात कडक पट्टी असलेल्या, शर्यतीच्या) महागड्या बुटांबद्दल मत विचाराल तर, ज्याची पोटरी १५ वेळा उचलली जात नाही त्याने त्या पैशांत दोन साधे जोड घेऊन आलटून पालटून वापरावेत.

पळण्याआधी वेदनाशामक गोळी

हे करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. लांब धावेत घामाने पाणी गेलेलं असतं, तिथे रक्त आधीच कमी पोचत असतं. दोन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय दुखणं लपतं, आणि वरच्या गोष्टीतला सोमवार उजाडतो.

नाशिकच्या थंडीत मुंबईची तयारी

आपल्याकडे जानेवारीची पहाट दहा अंशांच्या आसपास, हवा कोरडी. घाम येतो आणि उडतो. मुंबईत त्याच वेळी उकाडा आणि दमट हवा, घाम अंगावरून निथळतो पण उडत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तोच पेस, पण नाडी वर. इथला माणूस पहिले पाच किलोमीटर इथल्याच वेगाने काढतो आणि पेडर रोडच्या चढावर चालायला लागतो. मग दोष चढाला.

शेवटच्या दोन आठवड्यांत चार-पाच वेळा सकाळी दहा-साडेदहाला, उन्हात, ४० मिनिटं सावकाश पळा. पाणी सोबत. शर्यतीत पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा १५ ते २० सेकंद हळू. गर्दीतून नागमोडी वाटा काढू नका, अंतरही वाढतं आणि दमही जातो.

पाण्याचंही तेच. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करणं ही तहान नव्हे, भीती आहे. जास्त पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं. अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं जड होणं ही चिन्हं. सरावात एकदा पळण्याआधी आणि नंतर कपड्यांशिवाय वजन करा. तासात ७०० ग्रॅम उतरलं आणि मध्ये काही प्यायला नसाल, तर घाम सुमारे ७०० मिलि. तेवढं सगळं पळता पळता भरून काढायचं नाही, तहानेनुसार प्यायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, ती एका बाटलीत अर्ध्या पाण्यात 'कडक' करून प्यायची नाही. खोक्यातलं गोड पेय हे ओआरएस नव्हे.

शनिवारची मटकी

रविवारी लाँग रन झाल्यावर मिसळ, हा नाशिकचा धर्म आहे आणि त्याला इथे कोणी हात लावत नाही. फक्त तर्री ओरपण्याआधी पाणी प्या. गडबड होते ती शनिवारी रात्री. मोड आलेली मटकी, वर फरसाण, वर कांदा, आणि पहाटे साडेपाचला धावायचं. नवव्या किलोमीटरला चेहरा सांगतो. शनिवारी वरण-भात, पोळी, कमी तिखट. सकाळी निघण्याआधी पाऊण तास एक केळं आणि चहा. दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं. दोन मध्यम केळ्यांत साधारण ५० ग्रॅम येतं. जेल (पळता पळता खायची गोड, घट्ट पाकाची पुडी) पहिल्यांदा शर्यतीतच फोडू नका.

उरलेलं, थोडक्यात

थंडीत गाडीतून उतरून लगेच पाय ताणत बसू नका. आधी सात मिनिटं भरभर चाला, मग पाय पुढे-मागे झुलवा.

रस्ता मधून कडेला उतरता असतो. नेहमी एकाच कडेने पळाल तर एक पाय कायम खाली पडतो आणि खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. अंधारात मात्र समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशाच बाजूने, चमकणारी पट्टी लावून. उताराची भरपाई ट्रॅकवर करा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले आहेत, रविवारचा मार्ग शनिवारी उजेडात बघून घ्या.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पळा, उतरताना चाला. गुडघे चढल्याने नाही, उतरल्याने जातात.

भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरसमोर नकोत, तळव्याचा डिंक सुटतो. आतलं पॅड काढा, रद्दीचा कागद कोंबा, दोन तासांनी बदला.

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की नदीकाठचा गोदापार्क विसरा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलंय का, ते बघायला घाटावर पळत जाणारेही आहेत. शेवाळलेल्या दगडावर पळायच्या बुटाला काहीही पकड नसते.

कुत्रं मागे लागलं तर थांबा आणि चाला. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि लस त्याच दिवशी घ्या. उरलेले किलोमीटर पुढच्या रविवारी.