होहच्या रेनफॉरेस्टमध्ये कॅम्प होस्ट म्हणून राहायला जाताय? आतल्या ओलाव्याची तयारी आधी करा

वॉशिंग्टन स्टेटच्या ऑलिम्पिक पेनिन्सुलावर, पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे फोर्क्स, होह, क्विनॉल्ट या पट्ट्यात आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन महिनोन्‌महिने कॅम्प होस्ट म्हणून, म्हणजे कॅम्पग्राउंडवरच राहून तिथल्या जागांची आणि पाहुण्यांची देखभाल करत, राहायचं ठरवलं असेल तर आधी एक करा, आपल्याला पावसाची सवय आहे हे डोक्यातून काढून टाका. आंबोली-महाबळेश्वरच्या माणसालासुद्धा हे लागू आहे. होहच्या खोऱ्यात वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, नुसत्या आकड्यात आंबोली त्याच्याही पुढे आहे, पण आपला पाऊस चार महिने कोसळतो, उबदार हवेत कोसळतो आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात सगळं कडकडीत वाळतं. इथे तो ऑक्टोबरला सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत रिपरिपत राहतो, हवा पाच-सात डिग्री, ऊन झाडांच्या वरच अडकलेलं, त्यामुळे जे एकदा भिजलं ते आपोआप वाळतच नाही.

म्हणून माझी यादी रेनकोटपासून सुरू होत नाही, आरव्हीच्या आतून सुरू होते. छत ठीक असेल तर बाहेरचं पाणी बाहेरच राहतं हो, गादी सडवतं ते आपणच आत तयार केलेलं पाणी. दोन माणसांचा रात्रभरचा श्वास, आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, चहा, हे सगळं थंड खिडकीवर आणि कपाटाच्या मागच्या भिंतीवर जाऊन बसतं आणि तिथे काळी बुरशी धरते. गॅसचं तर खूप जणांच्या लक्षातच येत नाही, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. आरव्हीच्या स्वतःच्या फर्नेसचा धूर आणि वाफ बाहेर जाते, तिची काळजी नको, पण तो सुटा पोर्टेबल गॅस हीटर आत लावू नका, तो ऊब देतो आणि तेवढंच पाणी आत सोडतो, वर कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. त्याचा अलार्म चालू आहे ना, बॅटरी नवीन आहे ना, हे निघायच्या आधीच बघा.

तर पहिली खरेदी ह्युमिडिटी मीटर, स्वस्तातला चालेल पण दोन घ्या, एक झोपायच्या जागी आणि एक किचनजवळ. आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, साठच्या वर जायला लागला की हातातलं काम टाकून खिडकी उघडा. दुसरी खरेदी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, आणि इथे नीट बघून घ्या, कारण साधा कॉम्प्रेसरवाला थंडीत बर्फ धरतो आणि काम कमी करतो, थंड जागेसाठी डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, चांगला, वीज जास्त खातो पण थोडी ऊबही देतो. कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा, पण त्यांच्याकडून कोपऱ्यापुरतीच अपेक्षा ठेवा, अख्खी गाडी ते सुकवणार नाहीत. बाहेर पाऊस असला तरी छताचा पंखा रोज थोडा वेळ चालवायचा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की ती कोरडीच होते, हे पटायला वेळ लागतो पण मीटर दाखवतो.

गादीखाली हवा खेळेल असा जाळीदार थर घाला, प्लायवूडवर सरळ टाकलेली गादी खालून भिजते. कपाटं खचाखच भरू नका. चामड्याचे पट्टे, चपला, कोल्हापुरी, कांजीवरम, घरीच ठेवा. सुती कपडे कमी, लोकर आणि सिंथेटिक जास्त, कारण ओला कॉटन अंगातली ऊब ओढून घेतो आणि दोन दिवस वाळत नाही. पूर्ण रेनपँट, गमबूट, आणि बुटांचे दोन जोड, एक घालायला आणि एक वाळायला. छत्रीचा उपयोग नाही, होस्टचे दोन्ही हात कामात असतात, फायर रिंगमधली, म्हणजे शेकोटीच्या कड्यातली, राख काढा, साइट बघा, आलेल्यांना रस्ता सांगा, आणि पाऊस थांबल्यावरही फांद्या तासभर टपटपत असतात.

खाण्याचं सामान, हे आपल्या लोकांसाठी खास. पोहे, पापड, कुरडया, गोडा मसाला, मेतकूट, सगळं लहान लहान हवाबंद डब्यात, आणि एका वेळी एकच डबा उघडायचा. महिन्याभराचा मसाला एकाच मोठ्या डब्यात भराल तर रोज उघडताना रोज वाफ आत जाते. कुकर आत लावायचाच असेल तर वरचा एक्झॉस्ट फॅन आधी चालू करा, शिट्टी झाल्यावर नाही. इलेक्ट्रिक कुकर बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे गाडीच्या बाजूच्या कापडी छताखाली, लावता आला तर उत्तमच, पण शेजारी उभं राहून, आणि झालं की लगेच आत, काळ्या अस्वलांचा भाग आहे, अन्नाचा वाससुद्धा बाहेर राहता कामा नये. उंदरांसाठी पाइप आत येतात तिथली भोकं स्टील वूलने बुजवा, थंडी पडली की ते आत येतात आणि वायरी कुरतडतात.

विजेचं गणित कागदावर करा. १५०० वॉटचा हीटर एकटाच साडेबारा अँपिअर खातो, साइटला ३० अँपिअर असेल तर हीटर, डीह्युमिडिफायर आणि कुकर एकदम नाही चालत. सोलरवर विसंबू नका, सिटका स्प्रूस आणि हेमलॉकच्या उंच झाडांखाली पॅनेलला ऊनच मिळत नाही, आणि सॅटेलाइट डिशलाही मोकळं आकाश लागतं. होहच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते असंच धरून चला, घरच्यांना फोन कधी आणि कुठून करणार ते आधीच सांगून ठेवा. निघण्याआधी छतावर चढून व्हेंटभोवतीचं सीलंट बोटाने तपासा, आणि तिथे गेल्यावर उत्तरेच्या बाजूला शेवाळ धरायला लागलं की मऊ ब्रशने धुवा, प्रेशर वॉशर नको.

अंधाराची तयारीही सामानाइतकीच महत्त्वाची. डिसेंबरात दिवस साडेआठ तासांपेक्षाही छोटा, साडेचारच्या आत सूर्य मावळलेला, आणि झाडांखाली तर दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो. आत भरपूर पांढरे दिवे लावा, १०,००० लक्सचा लाइट थेरपीचा दिवा मिळतो तो आणि व्हिटॅमिन डी याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. महिन्यातून एखादा सुट्टीचा दिवस काढून सिक्विमला जा, ते ऑलिम्पिक डोंगररांगेच्या पर्जन्यछायेत आहे, तिथे वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, ओल्या गाद्या-उशा गाडीत टाकून न्या आणि उन्हात बसा. जंगल मात्र बघत राहा, पडलेल्या एकाच ओंडक्यावर रांगेत उगवलेली हेमलॉकची रोपं, मेपलवरून लोंबणारं शेवाळ, वीतभर लांब बनाना स्लग, हे पाहुण्यांना दाखवता यायला हवं, आणि एल्क या मोठ्या हरणापासून ५० यार्ड लांब राहायला सांगणंही त्यातच आलं.

दोन आठवड्यांचं धान्य, औषधं आणि पाणी कायम जवळ ठेवा. २०२४ च्या डिसेंबरात होह नदीने रस्त्याचा तुकडा वाहून नेला आणि तो रस्ता २०२५ च्या मेमध्ये उघडला, असं होतं इथे. हो म्हणण्याआधी होस्ट नेमणाऱ्या कोऑर्डिनेटरला विचारून घ्या, होस्टची साइट उंचावर आहे की सखल, किती अँपिअर, कपडे वाळवायला ड्रायर कुठे, वर झुकलेली वाळकी फांदी आहे का, वादळात लाइट गेली तर जनरेटर चालतो का, आठवड्याचे तास किती. पहिल्या वेळी नोव्हेंबर घेऊ नका, जून घ्या, जुलै-ऑगस्ट बऱ्यापैकी कोरडे जातात, तेवढ्यात गाडी कुठे ओल धरते ते कळतं आणि सप्टेंबरात दुरुस्ती करायला हातात वेळ राहतो.