नागपूरहून हनुवंतिया: मित्रांसोबतचा बेटावरचा वीकेंड फसू नये म्हणून

हनुवंतिया हे मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयाकाठचं ठिकाण. नागपूर ते हनुवंतिया अंतर साधारण 400 किलोमीटर आहे. नकाशा आठ तास दाखवतो, पण सहा मित्र, दोन चहा, एक जेवण आणि डिझेल धरलं की दहा तास लागतात. बेत फसतो तो इथेच. शनिवारी पहाटे 5 ला निघायचं ठरतं, शेवटचा भिडू मानकापूरला येईपर्यंत सात वाजतात. संध्याकाळी पाचला इंदिरा सागरच्या काठावर पोहोचलात की त्या दिवशीचं बोटिंग गेलं. रविवारी सकाळी वारा असला तर तेही गेलं, कारण अकराच्या आत परतीला निघावंच लागतं.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. शुक्रवारी दुपारी निघा आणि रात्री बैतूलला मुक्काम करा. कोराडी, सावनेर, पांढुर्णा, मुलताई या वाटेने बैतूल सुमारे 180 किलोमीटर आहे. शनिवारी सकाळी सहाला बैतूल सोडून चिचोली, हरदा, छनेरा आणि मूंदी करत गेलात तर दुपारच्या जेवणाला हनुवंतियात असाल. मग बोटीसाठी दोन संधी मिळतात: शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. शुक्रवारची अर्धी रजा मिळत नसेल तर हा बेत सोमवारच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकला. रात्रभर गाडी हाकून वेळ वाचवू नका. बैतूलच्या पुढे जंगलाचा पट्टा लागतो, आणि दिवसभर ऑफिस केलेल्या माणसाने तिथे रात्री दोनला गाडी चालवणं धोक्याचं आहे.

तान्हा पोळ्याची सुट्टी धरून बेत आखणारे पुष्कळ असतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते. गर्दी आणि पोलीस बंदोबस्त असतो, त्यामुळे त्या दिवशी या वाटेला जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं, काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि काही बेटं चक्क जमिनीला जोडली जातात.

पैशांचं आधी ठरवा, कारण निघायच्या दोन दिवस आधी एकजण गळतोच. खर्चाचे दोन भाग करा. गाडी आणि खोल्या हा न बदलणारा खर्च. जेवण आणि बोट हा माणशी. समजा गाडीचे 12,000 आणि खोल्यांचे 12,000 झाले, तर सहाजणांत प्रत्येकी 4,000. एक गळाला की उरलेल्या पाचांवर 4,800 येतात आणि कुरबूर सुरू होते. म्हणून बुकिंगच्या आधीच 4,000 जमा करून घ्या. गळणाऱ्याने बदली माणूस दिला तर पैसे परत, नाहीतर नाही. हे ग्रुपवर लिहूनच ठेवा, तोंडी ठरवलेलं कुणाला आठवत नाही.

गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या आणि मध्य प्रदेशात चालणारा परमिट आधी बघा. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो. सात सीटच्या गाडीत सामानासकट सहाच माणसं नीट बसतात, कारण मागची सीट उघडली की डिकी संपते. जाऊन-येऊन आणि इकडचं-तिकडचं फिरणं मिळून 900 किलोमीटर धरा. लिटरला 14 चा ॲव्हरेज असेल तर 65 लिटर लागेल.

आता पाण्याविषयी. हनुवंतियापर्यंत रस्ता थेट जातो. खरी बेटं पाण्यात पुढे आहेत आणि तिथे बोटीनेच जावं लागतं. जलाशय अफाट मोठा आहे. वाऱ्याला मोकळा पल्ला मिळतो आणि दुपारी जमीन तापली की लाटा उठतात. सकाळचं पाणी बहुधा शांत असतं, म्हणून रविवारची पहिली फेरी शनिवारीच सांगून ठेवा. बोटवाल्याने नाही म्हटलं तर जास्त पैसे देऊन त्याला गळ घालू नका. ते पाणी तो रोज बघतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे: पट्टे आवळा, नाहीतर दुसरं मागा. एकही बकल तुटकं चालत नाही. आदल्या रात्रीची उतरली नसेल त्याने काठावरच थांबावं.

पोहायला उतरू नका, पट्टीचा पोहणारा असला तरी. या पाण्याखाली हरसूद शहर आणि जवळपास अडीचशे गावांची घरं-शेतं गेली आहेत. झाडांचे बुंधे, भिंती आणि विहिरी कुठे आहेत ते वरून कळत नाही, आणि काठच्या गाळात पाय रुततो.

बोटी बंदच राहिल्या तर सगळ्यांना ओंकारेश्वर सुचतं. तिथलं मांधाता हे नर्मदेतलं खरंखुरं बेट आहे, पुलावरून चालत जाता येतं आणि सुमारे सात किलोमीटरची परिक्रमाही होते. पण ते नागपूरच्या उलट दिशेला आहे. तीन दिवस हातात असतील तरच जा; रविवारी दुपारी तिकडे वळलात तर सोमवारचं ऑफिस बुडालं. तिथे घाटावर भोंगा वाजला की लगेच वर या. वरच्या धरणातून पाणी सुटलं की पातळी झपाट्याने चढते. 2005 साली इंदिरा सागर धरणाच्या खाली धाराजीला असंच अचानक पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले.

दोन दिवसांच्या बेतात बोट नाही मिळाली, तर पहाटे काठाकाठाने पक्षी बघत फिरा आणि दहाला निघा. सोबत माणशी 2,000 रुपये सुटे ठेवा, कारण नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि बुकिंगचा कागद छापून न्या. परतीत दर दोन तासांनी चालक बदला आणि मुलताई अंधाराच्या आत गाठा.